कडक निब, मऊ निब आणि पेनवाले चाचा

माणूस डोळ्यांवरून ओळखता येतो असं म्हणणारे लोक आमच्या पेनवाल्या चाचांना भेटलेले नसतात. औरंगपुऱ्यात काचेच्या पेटीमागं मांडी घालून बसणाऱ्या या गृहस्थांनी निम्म्या शहराचा स्वभाव निबावरून ओळखला होता आणि उरलेल्या निम्म्याला दुकानावरून हाकललं होतं. पेन मागितलं की द्यायचं, एवढा साधा व्यवहार त्यांना ठाऊकच नव्हता. आधी कागद पुढं सरकवून म्हणायचे, "एक तक्रार लिहा." नाव लिहिलेलं चालत नसे. "नाव लिहिताना समदेच शरीफ असतात," असं त्यांचं मत. रागात हात किती दाबतो ते पाहून निब कडक द्यायचं की मऊ, हे ठरे. एका वकिलांनी शेजाऱ्याच्या बोकडाविरुद्ध असं काही लिहिलं की कागद फाटून शाई गादीवर उतरली. चाचांनी त्यांना सगळ्यात कडक निब दिलं आणि बजावलं, "याच्या पुढं फक्त खिळा हाय, वकीलसाहेब." एका मास्तरीणबाईंना तक्रारच सुचेना. त्यांना सगळ्यात मऊ निब मिळालं, शिवाय चहाही.

मी मात्र गेलो तो गुन्हेगार म्हणून. पोलीस ॲक्शननंतर कचेरीचा कारभार उर्दूतून मराठीत आला होता आणि मला नुकतीच कारकुनी लागली होती. बाबा जाऊन वर्ष झालेलं. सोयगाव या आमच्या गावाहून निघताना आईनं त्यांचं पेन माझ्या खिशाला लावलं होतं. त्याचं निब फार मऊ, आणि कचेरीत प्रत्येक कागदाच्या तीन प्रती, मध्ये कार्बन! तिसरी प्रत उमटावी म्हणून मी अंगातलं सगळं बळ लावलं आणि निबाची दोन्ही टोकं फाकली. आईला कळायच्या आत ते दुरुस्त व्हावं म्हणून मी चाचांकडं धाव घेतली. चाचांनी भिंगातून निब पाहिलं आणि मग माझ्याकडं. "बेटा, मऊ निबानं कार्बन? रेशमी रुमालात दगड बांधतं का कोणी?" माझी तक्रारही न मागता त्यांनी पेन ठेवून घेतलं आणि मी सुस्कारे टाकतो म्हणून समोर उभं राहायला बंदी घातली.

आठ दिवसांनी त्यांनी दोन पेनं पुढं केली. एक साधंसुधं, कडक निबाचं. "हे सरकारचं. किती दाबायचं ते दाबा." दुसरं बाबांचं, निब सरळ केलेलं. "हे घरचं. यानं हल्लू लिहायचं, अन् फक्त अम्मांना." मी आईला पत्र लिहायला बसलो. हात हलका ठेवला तर उभ्या रेघा जाड, आडव्या बारीक, अगदी बाबांच्यासारख्या येऊ लागल्या. आईचं उत्तर आलं : "पाकिटावरचं अक्षर पाहून क्षणभर यांचंच वाटलं. दर आठवड्याला याच पेनानं लिहीत जा. मजकूर नसला तरी चालेल."

चाचांना मराठी बोलता येई, वाचता येत नसे. त्यांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा मोठ्यानं वाचून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आता पेन आणू नका. अम्मांचं पत्र आलं की तेवढं आणत जा." बदली होईपर्यंत मी आईचं प्रत्येक पत्र त्यांना वाचून दाखवलं. त्यांचे आभार मानायचे मात्र राहूनच गेले, आणि ते मला अजून लागतं. आईला मी हे सारं कळवलं होतं. तेव्हापासून तिच्या पत्राखाली एक ओळ असायचीच : "चाचांनाही वाचून दाखव." माझी बदली झाल्यावरही सुट्टीत पत्रं घेऊन मी दुकानावर जाई; पुढं चाचा वारले. ते तिला कळवणं माझ्याच्यानं कधी झालं नाही. म्हणून तिचं पत्र आलं की दार लावून घेऊन मी ते एकदा मोठ्यानं वाचत असे.