चिखल्याच्या पायांचा रंग

१९९६ साल, मी बासष्ट वर्षांचा. तोवर नाना तऱ्हेची माणसं बघून झाली होती, पण बोनकोडे गावातल्या माझ्या घराच्या वरच्या खोलीतल्या भाडेकरूसारखा अवलिया अख्ख्या खाडीकाठी दुसरा नव्हता. सांगलीकडचा, तळोज्याला कारखान्यात नोकरीला. सुट्टी मिळाली की गळ्यात दुर्बीण आणि गुडघाभर चिखल. नक्की कळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा त्याचा बाणा. माझ्या बायकोने विचारावं, "पोरा, आमटीत मीठ बरोबर हाय ना?" की हा तीन वाट्या पिऊन म्हणणार, "अजून एकदा बघतो, काकू."

त्याचा जीव अडकलेला चिखल्यांच्या पिल्लांत. चिखल्या म्हणजे ओहोटीला गाळात तुरुतुरु पळणारं मूठभर पाखरू. त्याच्या दोन जाती, आणि त्यांची त्या साली जन्मलेली पिल्लं जुळ्या भावंडांसारखी.

"एकाची चोच जरा लांब, पाय जरा पिवळट," तो सांगायचा.

"जरा म्हंजे किती?"

"जराच की, काका."

"अरे, मिठागरात जन्म गेला माजा. दोनी चिखलेच हायत!"

त्याला ते पटायचं नाही. त्याचं मला पटायचं नाही.

दसऱ्यानंतरच्या रविवारी नेरूळहून मुलीचे वडील त्याला बघायला आले. मुलगी त्याने आधीच पाहिली होती, मनात भरली होती. आठवडाभर आरशापुढून हलला नव्हता. त्याचे आईबाप लांब, म्हणून वडीलधारा मी. पोहे झाले, चहा झाला, नवरदेव गायब! शेवटी पाहुण्यांना घेऊन बांधावर गेलो. हा नवी पँट घालून गाळात बसलेला. समोर एक चिखल्या, पाय मातीने माखलेले.

"अरे, पाहुने आलेत!"

"थांबा काका, पाण्यात उतरला की पाय धुतले जातील. मग रंग दिसंल."

पाहुण्यांनी हसून विचारलं, "कुठला पक्षी?"

"अजून नक्की नाही."

"अंदाजे सांगा."

"अंदाजे कसं सांगू?"

पाहुण्यांचं हसू मावळलं. "आमच्या मुलीला हे टेन्शन नको," म्हणाले आणि बुटांचा चिखल झटकून बस धरली. पाखरूही पाण्यात न उतरताच उडालं.

संध्याकाळी तो जिन्यात बसून होता. मी चार शिव्या हासडल्या. त्याने एवढंच विचारलं, "काका, तिला काय वाटलं असंल?"

मी कुणाच्या दारात कधी विनवणीला गेलो नाही. सरकारने नव्या शहरासाठी जमिनी घेतल्या तेव्हाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घालून एकटाच नेरूळला गेलो, सोसायटीचे तीन जिने चढलो, बेल दाबली. मुलीच्या वडिलांनी दार उघडलं.

"काल आमच्या पोराचं चुकलं," मी म्हणालो आणि हात जोडले.