भिका आबांचा बुरूज

पारोळ्याच्या किल्ल्यात भिका आबा भेटले की तटाला हात लावल्याशिवाय त्यांचं बोलणं सुरू होत नसे. सत्तरीचे पाथरवट. दगडावर तळवा टेकवायचे, बोटाच्या पेरानं ठोकायचे आणि निकाल द्यायचे, "बाई, हाऊ जित्ता शे. तो मरेल शे." खणखणीत वाजला तो दगड जिवंत, बद्द वाजला तो मेलेला.

शहाऐंशी-सत्त्याऐंशी साल असेल. मी तिथल्या मुलींच्या शाळेत नवी शिक्षिका होते. तट कसा बघायचा हे आबांनीच शिकवलं. बाहेरून घडीव दगड, सांध्यात सुई जाऊ नये असे बसवलेले. आत खडी आणि चुन्याचा भराव. चुना मळताना गूळ आणि बेलफळाचं पाणी घालत. "वरनं कातडं काढं का बठ्ठं आंग गळी पडस," ते म्हणायचे; बाहेरचा दगड काढला की आतलं सगळं ढासळतं.

त्या भाद्रपदात मी सातवीच्या मुलींना किल्ला दाखवायला नेलं. खंदकाकडच्या बुरुजापाशी आबा वाट अडवून उभे राहिले.

"आठून नका जाऊ, बाई. पोरीसले तिकडथून लई जा."

मला रागच आला, पण वळसा घेतला. चौथ्या दिवशी भर दुपारी तो बुरूज कोसळला.

धावत गेले तर आबा ढिगाऱ्याशी बसलेले. माझ्याकडे न बघताच सांगू लागले, "हाऊ मनाच हातखाल पोकळ व्हयना. जवानीमा आठला दगड काढी काढी लोकेसले घरसाठे दिनात. एक दिन मनी सखू शेण येचाले उनी. वरथून दगड पडना."

सखू त्यांची बायको. आबांनीच दगड काढून पोकळ केलेल्या या बुरुजाचा दगड अंगावर पडून तिला जाऊन चाळीस वर्षं झाली होती.

"दुपारले भितडामाईन हाक मारस ती," आबा म्हणाले. "रोज."

मी नकळत उरलेल्या भिंतीला कान लावला.

दुसऱ्या दिवसापासून आबा ढिगाऱ्यातले दगड निवडून बुरूज रचू लागले. कुणी अडवलं नाही, कुणी हातही लावला नाही. गावातून जाताना ते एखाद्या घराच्या जोत्यासमोर, पायरीसमोर थबकायचे आणि पुटपुटायचे, "हाऊ बुरूजना." बुरुजाच्या दगडांवरच्या छिन्नीच्या खुणा त्यांना ओळखू यायच्या. बायका त्या पायरीवर बसेनाशा झाल्या. एका घरानं तर पायरी उखडून दगड परत दिला. आबांनी तो चुन्यात बसवला.

असे तीन हिवाळे गेले. काम कमरेइतकं आलं होतं. एका दुपारी आबा शाळेच्या फाटकाशी आले. हात चुन्यानं पांढरे.

"बाई, आज तिनी हाक नही उनी. कालदी बी नही."

"बरं झालं, आबा," मी म्हटलं. "सुटलात तुम्ही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बोललेलं परत घ्यावंसं वाटलं.

"सुटनू? आते मी कोनासाठे बांधू, बाई?"

त्यानंतर ते किल्ल्याकडे फिरकले नाहीत. त्याच होळीच्या आधी वारले. बुरूज अजून कमरेइतकाच आहे.