बाकी मी बघतो

टाळ्या नटांकडे जातात, किस्से प्रॉम्प्टरकडे जमा होतात. वर्ध्याच्या आमच्या हौशी नाटक मंडळात मी वीस-बावीस वर्षं विंगेत वही धरून उभा आहे, म्हणजे साठा केवढा असेल बघा! पण हल्ली हे किस्से सांगताना हसता हसता मी मधेच थांबतो.

सगळे एकाच जुन्या नाटकाचे. त्यातला बाप मुलीला न विचारता तिचं लग्न ठरवतो आणि शेवटी अगदी लाडानं म्हणतो, "बाळ, तू फक्त हो म्हण. बाकी मी बघतो." मुलगी गप्प. पडदा. पूर्वी या जागी बायका पदर डोळ्यांना लावायच्या.

मग कोणीतरी बापाचं काम करणाऱ्या आमच्या भोयरकाकांचा तेवढाच तुकडा मोबाइलवर टाकला. मागे बासरी लावून! झालं, घरोघरी पोचला.

* * *

केळझरला एका लग्नाला भोयरकाका आणि मी गेलो होतो. नवरी मांडवात शिरली आणि स्पीकरवर काकांचा आवाज, "बाळ, तू फक्त हो म्हण..." नवरी ठुमकत पुढे आली, वरून फुलं पडली.

काकांच्या हातातली जिलेबी हातातच राहिली. "अरे, या वाक्यानं नाटकातली पोरगी खचते, अन् हे तं नाचून राह्यली!"

* * *

निवडणुकीत चौकात बॅनर लागलं. हात जोडलेला उमेदवार आणि खाली ठळक अक्षरांत, "तुम्ही फक्त हो म्हणा. बाकी मी बघतो!"

काकांनी सायकल थांबवून ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "यानं मात्र नाटक बरोबर समजून घेतलं!"

* * *

एका कॉलेजच्या गॅदरिंगला मी परीक्षक होतो. पोरांनी हाच प्रवेश केला, 'आदर्श वडील' या विषयाखाली! शेवटी मुलगी "हो बाबा!" म्हणत बापाच्या गळ्यात पडली. सभागृह गहिवरलं. मी सोडून सगळ्या परीक्षकांनी पहिला नंबर दिला. "सर, तुमचा शेवट जरा निगेटिव्ह वाटते," एक मॅडम मला समजावून म्हणाल्या.

* * *

यंदा मुलीचं काम प्रणालीकडे होतं. सावंगीला नर्सिंग शिकलेली, पुण्याच्या नोकरीची ऑर्डर हातात. आणि घरी आष्टीचं स्थळ आलेलं. तिचे बाबा माझे जुने ऑफिसातले मित्र. एकदा ते तिला तालमीतून न्यायला आले, दारातूनच शेवटचा प्रवेश बघितला आणि डोळे पुसत म्हणाले, "वा! बाप असावा तं असा! मी पन हिले हेच सांगतो, तू फक्त हो म्हण."

प्रणाली पिशवी उचलून त्यांच्यामागे निघाली. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं मला विचारलं, "काका, हे पोरगी गप्प काऊन राह्यते?"

"लेखकानं तसंच लिहिलं म्हणून."

"तिले कोनी विचारलंच नसन."

मला त्या रात्री झोप लागली नाही. मित्राशी बोलावं की नाही, हेच ठरेना. नाही बोललो.

* * *

रविवारी दुपारी प्रयोग. हॉल फुल्ल! पहिल्या रांगेत तिचे बाबा मोबाइल उंच धरून, शेजारी आष्टीचे पाहुणे. शेवटचा प्रवेश आला. काकांनी "बाळ" म्हटलं मात्र, अख्ख्या हॉलनं वाक्य पुरं केलं, "तू फक्त हो म्हण! बाकी मी बघतो!" शिट्ट्या! मग ओरडाच सुरू झाला, "हो म्हण! हो म्हण!" तिचे बाबाही ओरडत होते, हौसेनं.

प्रणाली उभी होती. वहीत लिहिलं होतं, 'मुलगी गप्प.' मी पडद्यासाठी हात वर केला.

तेवढ्यात ती भोयरकाकांकडे पाठ करून पुढे आली. थेट पहिल्या रांगेकडे बघत म्हणाली,

"नाई, बाबा."

ओरडा थांबला. आयुष्यात कधी वाक्य न विसरलेले भोयरकाका माझ्याकडे बघायला लागले, पुढचं सांग म्हणून. मी पान उलटलं. पुढे कोरं होतं. पहिल्या रांगेतला मोबाइल हळूहळू खाली आला.

पडद्याची दोरी धरलेले वामनराव कुजबुजले, "भाऊ, पाडू का?"

"थांबा," मी म्हणालो. "बापाचं वाक्य अजून यायचं आहे."