पिवळ्या रंगातलं ओके

आमच्या फाउंड्रीत चाळीस जॉबवर मामांच्या अक्षरात ‘ओके’ मी लिहिलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

मामा म्हणजे आमचे चेकर. साच्यातून निघालेला प्रत्येक ओतीव लोखंडी भाग, आमच्या भाषेत जॉब, त्यांच्यापुढे यायचा. ते हातोडीनं ठोकायचे, कान देऊन आवाज ऐकायचे, अंगठा फिरवायचे. पसंत पडला तरच पिवळ्या रंगात ओके. त्यातल्या इंग्रजी के चा खालचा पाय ते लांब ओढायचे. तो पाय सगळा कारखाना ओळखायचा.

तोंडानं मात्र ते हा शब्द उधळायचे. तुमच्याही पाहण्यात असा कुणी असेल. चहा आला, ओके. जेवण झालं, ओके. कुणी शिवी दिली तरी ओके, आणि त्या ओकेत उलट शिवी असायची. आईचं दिवसकार्य उरकून कामावर आले, तेव्हा कुणीतरी नकळत विचारलं, म्हातारी कशी हाय? ‘ओके झाली,’ म्हणाले आणि हातोडी उचलली.

मला ते आवडायचे नाहीत. त्यांनाही मी नाही. डिप्लोमा करून मी थेट सुपरवायझर म्हणून आलो, ते त्यांना कधी पचलं नाही. अकरा वर्षांनीही मला ‘पावणं’च म्हणायचे. माझ्या शिफ्टचे जॉब ते मुद्दाम दोनदा ठोकतात, असं मला वाटायचं. एकदा सगळ्यांदेखत मी बोललो, दिवसभर ओके ओके करता, मग इथंच हात का आखडतो?

मान वर न करता ते म्हणाले, ‘तोंडातलं फुकटचं असतंय, पावणं. रंगातलं न्हाय.’

सगळे हसले. ते हसणं माझ्या डोक्यात राहिलं.

पुढं त्यांनी माझ्या शिफ्टचे चाळीस जॉब बाजूला काढले. आत हवा राहून पोकळ झालेत, एवढं मला एकट्याला सांगून ते मलकापूरला जत्रेला गेले. दुसऱ्या दिवशी ट्रक दारात उभा, मालकांचे फोनवर फोन. जेवणाच्या सुट्टीत, आजूबाजूला कुणी नसताना, मी रंगाचा डबा घेतला. के चा पाय लांब ओढताना, खरं सांगतो, मला मजा आली.

पंधरा दिवसांत जॉब परत आले. गिऱ्हाइकानं मशीनवर चढवताच पोकळी उघडी पडली होती. मालकांनी सगळ्यांना गोळा केलं आणि एक जॉब मामांच्या पुढ्यात ठेवला. जत्रेच्या घाईत लिहून गेलात ना, म्हणाले. मामा उकिडवे बसले. के च्या पायावरून अंगठा फिरवला.

‘अक्षर माझं हाय. हात माझा न्हाय.’

‘मग कुणाचा?’

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी जॉबकडे पाहिलं. ते कुणाचंच नाव घेईनात, तशी मालकांनी त्यांना त्याच दिवशी कायमचं घरी पाठवलं.

गेटवर ते माझ्या गाडीपाशी थांबले. ‘मी बोललो असतो तर चुगली झाली असती. तुमच्या तोंडनं याय पायजे हुतं, पावणं.’

मी गाडीला किक मारली.

मागच्या महिन्यात रत्नागिरीला जाताना मलकापूरच्या स्टँडवर एसटी थांबली. मामा भावाच्या दुकानापुढं कांदे निवडत बसले होते. मी उतरलो. बरं आहे ना, विचारलं.

‘हाय,’ म्हणाले.

मी पुढच्या शब्दाची वाट बघत उभा राहिलो. तो आला नाही. त्यांनी एक कांदा दाबून पाहिला आणि बाजूला टाकला. कंडक्टरनं घंटी मारली, मी गाडीत चढलो.

मी अजून त्याच फाउंड्रीत आहे, आता मॅनेजर. इथं लिहिलं खरं, पण इथं ना त्यांचं नाव आहे, ना माझं. ते ओके माझ्या हाताचं होतं, हे मालकांसमोर आणि सगळ्या कामगारांसमोर उभं राहून सांगणं, एवढं मी मामांचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.