शेजारी ठेवलेलं प्रस्थान

सासूबाई मस्कतला आल्या तेव्हा पहिले पंधरा दिवस त्यांनी बॅगच उघडली नाही. रोज सकाळी त्यातून एक लुगडं ओढून काढायचं आणि पुन्हा चेन लावायची. स्वयंपाकघरात पाऊल नाही, फ्रिजला हात नाही. पाणी हवं असलं तरी "मिळेल का गं थोडं?" असं विचारायच्या. माझं डोकं फिरायचं. मी मुळात तापटच, शाळेत तीस पोरं सांभाळून आल्यावर तर विचारूच नका. एक दिवस तडकून म्हटलं, "अहो आई, पाहुण्यासारखं काय वागताय? हे तुमचंच घर आहे. हवं ते घ्या, हवं ते करा!" दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर बॅग कपाटावर गेलेली आणि माझे सगळे मसाल्याचे डबे हललेले. त्यावरून आमचं पहिलं कडाक्याचं भांडण झालं.

त्यांना आणलं होतं नाइलाजाने. चिपळूणजवळच्या गावातल्या घरात त्या एकट्या राहायच्या. माझा नवरा एकुलता एक. न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि दुसऱ्या दिवशी दूधवाला हाका मारत मागच्या दाराने आत आला, तोपर्यंत तिथेच ओल्या फरशीवर पडून होत्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हाड जुळेल, पण यापुढे एकटं ठेवू नका. आम्ही ठेवणार नव्हतोच. पण आईला कायमचा व्हिसा मिळत नव्हता, व्हिजिट व्हिसाच. तो संपत आला की मुदतवाढ, मुदतवाढ संपली की देशाबाहेर जायचं आणि नवा व्हिसा घेऊन परत यायचं. असं दोनदा झालं. दोन्ही वेळा शारजाला नवऱ्याच्या मित्राकडे राहून आलो आणि शिक्का मारताना कुणी वर मानही केली नाही. मस्कतच्या अझैबा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये निम्म्या घरांत असंच कुणाचं ना कुणाचं म्हातारं माणूस तारखांवर जगत होतं. संध्याकाळी खाली भेटलं की बायका आधी तारखा विचारायच्या, मग तब्येत.

तिसऱ्या खेपेला हवा बदलली होती. कुणाच्या वडिलांना विमानतळावरून परत पाठवलं, कुणाच्या आत्याला सीमेवर तीन तास बसवून ठेवलं, अशा गोष्टी कानांवर यायला लागल्या. मुदतवाढीच्या काउंटरवरच्या बाईने सासूबाईंचा पासपोर्ट मागून पुढे चाळला, पुढून मागे चाळला आणि म्हणाली, "बस, खलास. एक्झिट." पूर्वी ती इन्शाल्ला तरी म्हणायची.

आणि शेवटची तारीख नेमकी अमावास्येला आली. भिंतीवरच्या कॅलेंडरात एकाच चौकोनात माझं लाल वर्तुळ आणि काळा ठिपका. सासूबाईंनी जाहीर केलं, "मी अमावास्येला घराबाहेर पडणार नाही." आदल्या दिवशी निघावं तर नवऱ्याला रजा नाही. मी म्हटलं, "आई, तो शिक्का अमावास्या बघत नाही हो!" त्या म्हणाल्या, "तुझ्या शिक्क्याने माझं भलं झालंय होय?" शेवटी तोडगा त्यांनीच काढला: प्रस्थान ठेवायचं. म्हणजे चांगल्या वेळी आपली एक पुरचुंडी शेजारी नेऊन ठेवायची. ती गेली की आपण निघालो असंच धरतात, मग अडल्या वेळी निघालं तरी दोष नाही. फक्त निघताना ती आठवणीने उचलून बरोबर न्यायची. आदल्या दिवशी सकाळी त्यांनी फडक्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधलं आणि आपली रोजची, जवळची वस्तू लागते म्हणून कमरेची गावच्या घराची किल्लीही त्यात घातली. आणखीही काहीतरी घातलं, पण मला बघून पाठ फिरवली. खालच्या मजल्यावर सोलापूरकडच्या एक वहिनी राहायच्या, त्यांच्या देवघराच्या फळीवर पुरचुंडी ठेवून आल्या.

दुसऱ्या दिवशी सहा वर्षांच्या लेकीला त्याच वहिनींकडे सोडून आम्ही गाडीने निघालो. सासूबाई पुढे, मी मागे. मी जय्यत तयारी करून घेत होते. "कुणी विचारलं तर काय म्हणायचं? फिरायला आलेय. मुलाला भेटायला. पाहुणी आहे. घर सांभाळते, नातीला बघते, असलं काही बोलायचं नाही."

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "एकदाचं ठरव बाई. मी पाहुणी की घरची?"

"आई, आता नका ना डोकं खाऊ!" मी ओरडलेच. नवऱ्याने रेडिओ मोठा केला.

बरका गाव ओलांडल्यावर त्यांनी कमरेला हात लावला आणि एकदम ताठ झाल्या. "अगं, प्रस्थान राहिलं! वळव रे गाडी." नवऱ्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. वळलो असतो तर फार तर दीड तास गेला असता. दिवस अख्खा होता. पण मला तेव्हा त्या बाईचं काहीही ऐकायचं नव्हतं. मी म्हटलं, "पुरे झालं आता. दोन दिवसांत परतच यायचंय. राहू दे तिथे." सीमेपर्यंत सासूबाईंचा हात सारखा कमरेकडे जात होता.

दोन दिवस शारजाला राहिलो. नव्या व्हिसाचा कागद आला, मी त्याच्या तीन प्रती काढल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी सीमेवर परत आलो. आमचे शिक्के झाले. सासूबाईंचा पासपोर्ट घेऊन काउंटरवरचा तरुण माणूस थांबला. पानं उलटत राहिला. मग हिंदीत, अगदी प्रेमाने विचारलं, "अम्मा, किधर जाता है?"

"घर," सासूबाई म्हणाल्या.

"घर किधर?"

"अझैबा."

मी घाईने मध्ये बोलायला गेले, त्याने हात वर केला. "इंडिया में घर नहीं है, अम्मा?"

"है ना! नहीं कैसे?" असं म्हणून त्यांनी किल्ली दाखवायला कमरेला हात घातला. मग पिशवीत बघितलं. मग पर्समध्ये. तो आत गेला, कुणाशी तरी बोलून आला, आणि नवऱ्याला म्हणाला, "अम्मा विज़िट नहीं है, भाई. अम्मा इधर रहता है. खलास." आवाज चढवला नाही त्याने. सासूबाईंना बसायला खुर्ची दिली, पाण्याची बाटली दिली. नियम होता, त्याने पाळला. त्याच्यावर रागवायचीही सोय नव्हती, म्हणून मी सगळा राग सासूबाईंवर काढला. तिथे, सगळ्यांसमोर. "मुद्दाम बोललात ना? झालं समाधान?" असं म्हटलं मी. त्यांनी बाटलीचं झाकण काढलं, परत लावलं. पाणी प्यायल्या नाहीत.

मागे वळून शारजाला गेलो आणि दुसऱ्या दिवशी दुबईहून त्यांना मुंबईच्या विमानात बसवलं. एकटीला. नवऱ्याची रजा संपली होती. मी जाऊ शकत होते. पासपोर्ट हातात होता, लेक वहिनींकडे सुखरूप होती. पण शाळेत परीक्षा लागल्या होत्या आणि मी अजून धुमसत होते. नाही गेले. आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

परत येऊन वहिनींकडे गेलो तर लेक दार उघडून आमच्या मागे बघत राहिली. "आजी आला नाही?" तिचं मराठी असंच होतं. जे काही होतं तेही आजीनेच शिकवलेलं.

गावी पोचल्यावर सासूबाईंना दार उघडता येईना. सुताराला बोलावून कुलूप फोडलं. मी फोनवर म्हटलं, "किल्ली पाठवून देते कुणाबरोबर." तर म्हणाल्या, "नको. प्रस्थान दुसऱ्याने उचलू नये. मी येईन तेव्हा उचलीन." नवं कुलूपही घेतलं नाही. घराबाहेर पडायच्याच नाहीत. आतून दोन्ही दारांना कडी घालून बसायच्या. सोबतीला बाई ठेवली, तर आठवड्यात हाकलून दिली. "थोडे दिवस तर आहेत इथे," म्हणाल्या. आम्ही पुन्हा अर्ज केला. नामंजूर. पुन्हा केला, त्याला उत्तरच आलं नाही. दर शुक्रवारी फोन झाला की शेवटी एकच प्रश्न: "झालं का गं?" आणि मी म्हणायचे, होईल.

एका शुक्रवारी त्यांनी फोन उचलला नाही. मी दिवसभर लावत राहिले. दूधवाल्याने सकाळी हाका मारल्या होत्या, म्हातारी झोपली असेल म्हणून तो निघून गेला होता. मागचं दारही बंद होतं. दुसऱ्या दिवशी त्याच सुताराने दार फोडलं. पुन्हा न्हाणीघरच. नवरा पोचला तेव्हा सगळं संपलेलं होतं.

तेरावा झाल्यावर मी खाली वहिनींकडे गेले. पुरचुंडी फळीवर तशीच होती, वहिनी रोज तिच्याभोवतालची धूळ पुसायच्या. गाठ सोडली तर तांदळात टोके झाले होते. किल्लीला गंज चढलेला. आणि खाली घडी घातलेलं एक पाकीट होतं, आमच्या कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याचं. आत सासूबाईंचे निळ्या पडद्यासमोर काढलेले चांगले दोन-तीन डझन फोटो होते, मुदतवाढीच्या अर्जाला लागतात तसले. केस चोपून बसवलेले, पदर नीट घेतलेला. माझ्या लग्नात मीच दिलेलं लुगडं नेसल्या होत्या.

"मीच नेलं होतं त्यांना," वहिनी म्हणाल्या. "निघायच्या आदल्या आठवड्यात. मी म्हटलं, आजी, एवढे कशाला? चार पुरतात. तर म्हणाल्या, दर खेपेला सुनेची धावपळ होते गं. एकदाच काढून ठेवते, दोन-तीन वर्षं बघायला नको."

मी तिथेच फरशीवर बसले. वहिनींनी पाणी आणून दिलं, ते मला प्यायला जमलं नाही.