जावक क्रमांक

हे लिहिण्याआधी मी माझ्या मावसबहिणीला विचारलं. हे घडलं तेव्हा ती नववीत होती, आता दहावीत आहे. ती म्हणाली, "लिहायचं तं लिही. पन मले बिचारी लिहू नको."

मी कबूल केलं. तिचं नाव, तिची शाळा मी लिहिणार नाही, कायद्यानंही ते लिहिता येत नाही. ज्या पोलीस ठाण्यात आम्ही जात होतो त्याचंही नाव लिहीत नाही. मला कोणाला उघडं पाडायचं नाही. एक पत्र वेळेवर गेलं नाही, एवढीच ही हकीकत आहे.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. माझं गाव वर्ध्याहून एसटीनं तासाभरावर आहे, म्हणून कॉलेजसाठी मी पिपरी मेघेला मावशीकडे राहते. मावशी एका वसतिगृहाच्या मेसमध्ये पोळ्या करते. काका ऑटो चालवतात. मी शिकते म्हणून घरात आलेला प्रत्येक कागद माझ्यासमोर ठेवला जातो. मला तो कळतोच असं नाही, पण तसं म्हणायची लाज वाटते, म्हणून मी तो दोनदा वाचते.

'कमवा आणि शिका' योजनेत मला कॉलेजच्या ऑफिसात रोज दोन तास काम मिळालं होतं. काम आवक-जावक रजिस्टरचं. बाहेरून आलेल्या कागदाला आवक क्रमांक द्यायचा, बाहेर जाणाऱ्या कागदाला जावक क्रमांक. तारीख, कोणाकडे, विषय, सही. पहिल्याच आठवड्यात मी एका मुलीचं पत्र नंबर न टाकता तिच्या हातात दिलं. तिथले बाबू चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "कागद कुठं गेला?"

"ती घेऊन गेली."

"नंबर?"

त्यांनी मला गेटपर्यंत पळवलं आणि तो कागद परत आणायला लावला. "उद्या तिकडच्या ऑफिसात म्हनतीन, कागद आलाच नाई. तवा काय दाखवशीन? तुयं तोंड? ज्या कागदाले नंबर नाई तो कागद गेलाच नाई, हे ध्यानात ठेव. सायेब काई बी म्हनोत."

हे वाक्य मला पुढे कधी लागेल असं वाटलं नव्हतं.

बहीण रांगोळ्या छान काढते. मावशीच्या फोनवरून ती त्यांचे फोटो टाकायची. नागपूरची दहावीतली मुलगी आहे असं सांगणाऱ्या कोणीतरी तिच्याशी ओळख केली. आधी रांगोळीची तारीफ, मग शाळेच्या गप्पा, मग तिचा स्वतःचा फोटो मागितला, मग आणखी एक. त्यानंतर भाषा बदलली. सांगतो तसे फोटो दे, नाहीतर हे तुझ्या शाळेच्या ग्रुपवर टाकतो. याहून जास्त लिहायची गरज नाही.

त्या धमकीचा स्क्रीनशॉट तिनं मला पाठवला. खाली लिहिलं होतं, 'ताई, हे काय आहे?' मी अर्थशास्त्राच्या तासाला बसले होते. बाकाखाली फोन धरून मी उत्तर दिलं, 'ब्लॉक कर. लक्ष देऊ नको.' घरातल्या शिकलेल्या मुलीनं दिलेला सल्ला हा. संध्याकाळी विचारायचं राहून गेलं. तिनं ब्लॉक केलं आणि त्यानं दुसऱ्या नावानं लिहायला सुरुवात केली. चार दिवसांनी तिनं ताटावरून उठून मावशीला सगळं सांगितलं.

मी कॉलेजातून घरी आले तेव्हा मावशी अंगणातल्या पायरीवर फोन घेऊन बसली होती. तांदळातले खडे वेचावे तसे तिनं एकेक मेसेज काढून टाकले होते. शेवटी ते ॲपही काढून टाकलं.

"साफ केला म्या," ती म्हणाली. "आता त्याच्यात काईच नाई राह्यलं. असली घान घरात ठेवाची असते का?"

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, हे कबूल करते. काय झालं ते दुसऱ्या दिवशी ठाण्यात कळलं.

काका ऑटोनं आम्हाला घेऊन गेले, पण आत आले नाहीत. बाहेर ऑटोची काच पुसत राहिले. आतल्या हवालदारांनी विचारलं, "मेसेज दाखवा."

मावशी म्हणाली, "मिटवले."

"सगळे?"

"सगळे."

"मंग आमी लिहाचं काय, बाई?"

मी माझ्या फोनमधला स्क्रीनशॉट दाखवला. त्यात त्या खात्याचं नाव होतं. त्यांनी तो नीट पाहिला आणि म्हणाले, लहान मुलीचं प्रकरण आहे, महिला अधिकारी लागते, मॅडम उद्या आहेत, उद्या या. मावशीची त्या दिवसाची सुट्टी वाया गेली.

पण दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः घरी आल्या. साध्या सलवार-कुर्त्यात होत्या. शेजारणीला वाटलं, मेसमधली कोणी आहे. त्या खाली सतरंजीवर बसल्या, आधी रांगोळ्या पाहिल्या, मग बाकीचं विचारलं. बहिणीनं सगळं सांगितलं. मावशीला मधे बोलू दिलं नाही. गुन्हा नोंदवला गेला. मावशीचा फोन तपासणीला गेला. तिकडे फोनांची रांग असते, वेळ लागेल, असं मॅडमनी आधीच सांगितलं.

जाताना त्या मला म्हणाल्या, "फोनमधलं तुम्ही पुसलं तरी कंपनीकडे नोंद असते. कोणत्या फोनवरून, कुठून तो लिहायचा ते. पण कंपनी कायम ठेवत नाही. हे जपून ठेवा आणि आम्हाला द्या, असं पत्र आधी सायबर शाखेमार्फत जायला पाहिजे. ते मी आजच तयार करते."

बहिणीनं ते दारामागून ऐकलं होतं. त्या दिवसापासून मी कॉलेजातून आले की तिचा प्रश्न ठरलेला. "गेली का चिठ्ठी?"

ती शाळेत जात नव्हती. मावशी म्हणायची, मुली हसतील म्हणून जात नाही. तसं नव्हतं. एकदा भांडी घासताना तिनं मला सांगितलं, "ताई, तो कोन आहे ते समजलं म्हंजे बाकीचे तो नाई, हे तं समजीन ना." मी विचारलं, बाकीचे कोण? ती म्हणाली, "सगळेच. दूधवाला. शिकवणीचे सर. बाबाच्या ऑटोत समोर बसते तो काका. कोनी बी माह्याकडं पाह्यलं का वाटते, हाच असंन."

म्हणून त्या पत्रावर माझा इतका जीव अडकला होता.

आठवडा गेला. मी ठाण्यात गेले. मॅडम प्रशिक्षणाला गेल्या होत्या. हवालदार म्हणाले, "पाठवलं पत्र." दुसऱ्या आठवड्यात मॅडमची बदली झाल्याचं कळलं. "पाठवलं ना, बाई. सायबरले पाठवलं." मी सायबरच्या कार्यालयात गेले. तिथल्या माणसानं कॉम्प्युटरवर पाहिलं, मग हातानं लिहिलेल्या वहीतही पाहिलं, आणि म्हणाला, या गुन्ह्याचं आमच्याकडे काहीच आलेलं नाही. तो खोटं बोलत नव्हता. वही त्यानं माझ्यासमोर उघडली होती.

घरी मी बहिणीला सांगितलं, "गेलं म्हणतात."

"म्हनतात, का खरंच गेलं?"

तिसऱ्या आठवड्यात मावशी माझ्यासोबत आली, काका बाहेर ऑटोत थांबले. हवालदारांच्या टेबलावर फायलींचा ढीग होता, आणि ते फोनवर कोणाला तरी कोणत्या तरी बंदोबस्ताचं सांगत होते. आम्हाला पाहून त्यांनी हात जोडले. "मावशी, तुमी तं पक्क्या वारकरीन झाल्या आमच्या ठान्याच्या."

मावशी म्हणाली, "देव पावत नाई ना सायेब, म्हनून या लागते."

त्यांना हसू आलं. "पाठवलं म्हनलं ना पत्र. आता तिकडून उत्तर यीन तवा यीन. आमच्या हातात काय आहे?"

मावशीनं माझी ओढणी ओढली. "चाल, पोरी."

मी उठले. दारापर्यंत गेले. आणि मग कसं कोण जाणे, मागे वळून विचारलं, "साहेब, जावक क्रमांक काय आहे?"

माझा आवाज इतका बारीक निघाला की ते म्हणाले, "काय?"

"पत्राचा जावक क्रमांक. आणि तारीख. म्हणजे मला तिकडे सांगता येईल."

ते माझ्याकडे पाहत राहिले. "तू कुठं नोकरीले आहे?"

"नाही. बी.ए. सेकंड इयरला आहे."

त्यांनी रजिस्टर ओढलं. आमच्या कॉलेजात आहे तसंच होतं, लाल कापडी पाठीचं, तेच रकाने. मी टेबलाच्या या बाजूनं उलटं वाचत होते. त्यांनी गुन्हा नोंदवल्याच्या तारखेपासून बोट फिरवायला सुरुवात केली. एक पान. दुसरं पान. बोट हळू होत गेलं. मग त्यांनी रजिस्टर मिटलं, उठले आणि आतून फाइल आणली.

पत्र फाइलमध्येच होतं. टाइप केलेलं, तीन आठवड्यांपूर्वीचं. मसुद्यावर मॅडमची बारीक सही होती. खाली पोलीस निरीक्षकांच्या सहीची जागा कोरी होती.

हवालदार खुर्चीत बसले. "बंदोबस्त लागला," ते म्हणाले. "मंग मॅडम गेल्या. मंग याच्यावर कोनाचं ध्यानच नाई गेलं." ते चिडून बोलत नव्हते. माफी मागितली असंही नाही. बाबूंनी मला गेटपर्यंत पळवलं होतं तेव्हा माझा चेहरा जसा झाला असेल, तसा त्यांचा झाला होता.

मावशीला काय झालं ते कळलं नव्हतं. तिनं विचारलं, "काय म्हनतात?"

मी म्हणाले, "पत्र गेलं नाही, मावशी. इथंच आहे."

ती बाकावर परत बसली आणि पदर गुडघ्यांखाली खोचला. आता पत्र गेल्याशिवाय ही बाई उठत नाही, हे हवालदारांनाही समजलं. तासाभरानं निरीक्षक आले, त्यांनी पत्र वाचलं, सही केली. हवालदारांनी रजिस्टरमध्ये नंबर टाकला आणि तो मला एका चिठोऱ्यावर लिहून दिला. एक शिपाई मोटरसायकलवरून पत्र घेऊन निघाला. मी काकांना म्हटलं, त्याच्या मागे चला. काकांनी पहिल्यांदाच विचारलं, "काय झालं?" आणि ऑटो सुरू केला. सायबरच्या कार्यालयातून मी आवक क्रमांकही घेतला. त्याच दिवशी त्यांनी कंपनीला कळवलं.

संध्याकाळी मी दोन्ही नंबर बहिणीला दाखवले. तिनं विचारलं, "हे काय आहे?"

"चिठ्ठी गेली."

नंतर मी माहितीच्या अधिकारात एक अर्ज केला. बाबूंनी मसुदा तपासून दिला. आपल्याकडे मुलांविरुद्धच्या ऑनलाइन गुन्ह्यांत तक्रार झाल्यापासून कंपनीला असं पत्र जाईपर्यंत किती दिवस लागतात, एवढंच विचारलं होतं. कोणाचं नाव मागितलं नव्हतं. उत्तर आलं की ही माहिती संकलित स्वरूपात ठेवली जात नाही. मी ते मावशीला वाचून दाखवलं. ती पीठ मळत होती.

"म्हंजे?"

"म्हणजे कोणी मोजत नाही."

"पोया बी मोजते मी," ती म्हणाली. "रोज किती लाटल्या ते लिहून द्या लागते मेसमंधी."

कंपनीचं उत्तर आलं तेव्हा मॅडमच्या जागी आलेल्या अधिकाऱ्यांनी आम्हाला बोलावून सांगितलं. सुरुवातीच्या दिवसांची नोंद आता उपलब्ध नव्हती. शेवटच्या काही दिवसांची होती. तेवढ्यावरून माग लागला. तो दुसऱ्या राज्यातला निघाला. मोठा माणूस, नोकरी करणारा, घरात बायको आणि लहान मूल. त्याच्या फोनमध्ये आणखी मुलांशी झालेलं बोलणं सापडलं, असं ते म्हणाले. कोणत्या मुलांशी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्या तीन आठवड्यांत काय पुसलं गेलं ते आता कोणालाच कळणार नाही. त्यात दुसऱ्या कोणा मुलीचा पुरावा होता का, हेही नाही. माझं 'लक्ष देऊ नको' मी विसरलेली नाही. मावशी अजून म्हणते, मीच मिटवलं सगळं. पण आम्ही दोघी चुकलो ते आम्हाला माहीत नव्हतं म्हणून. ते पत्र पाठवणं हे मात्र कोणाचं तरी काम होतं, आणि वेळेत गेलं की नाही हे पाहणं आणखी कोणाचं तरी. बदली झाली तर काम पुढच्या माणसाकडे गेलं पाहिजे. यावर मी खूप विचार केला, आणि मला दुसरं काही सुचलं नाही.

अधिकाऱ्यांनी बोलावलं त्या दिवशी घरी येऊन मी बहिणीला सांगितलं, तो कोण आहे, कुठला आहे.

"वर्ध्याचा नाई?"

"नाही."

"नागपूरचा बी नाई?"

"नाही गं."

ती आत गेली. थोड्या वेळानं दूधवाल्याची घंटा वाजली तेव्हा पातेलं घेऊन तीच बाहेर गेली. सोमवारपासून शाळेत जायला लागली. काकांनी पहिला आठवडा समोरच्या सीटवर कोणालाच बसवलं नाही. तिनंच त्यांना सांगितलं, "बसू द्या ना बाबा. तो नोहे तो."

आता दोषारोपपत्र दाखल झालं आहे. खटला विशेष न्यायालयात आहे, तिची साक्ष व्हायची आहे. परवा सकाळी ती आरशासमोर वेण्या घालत होती. मला म्हणाली, "ताई, आता कोनती चिठ्ठी यायची आहे?"

"समन्स. कोर्टाचं. या वेळी ती आपल्या घरी येईल."

तिनं रिबिनीची गाठ मारली. "तू कॉलेजात असशीन. म्या घेईन. काय पाहाचं असते त्याच्यावर?"

"आधी नंबर."

"आन् तारीख," ती म्हणाली, आणि दप्तर उचलून निघाली. काका बाहेर हॉर्न वाजवत होते.