सुई ओवून देणारा आसाराम

शेवगावच्या आसारामला स्वतःला एक टाका घालता येत नव्हता, पण बायकोच्या प्रत्येक गोधडीत त्याचा वाटा होता. केशरबाईची नजर अधू झाल्यापासून रोज सकाळी तोच तिला सुया ओवून द्यायचा. आळीतले लोक चेष्टा करायचे. तो खुशाल करू द्यायचा.

शहाण्णव साली केशरबाईचा खांदा धरला. लेक यशोधरा पहिलटकरीण, तिच्या बाळाची गोधडी अर्धी झालेली, आणि हात काही वर होईना. आसारामनं केशरबाईला एसटीनं नगरला नेलं. तिथं मार्थाबाई फिजिओथेरपी करायच्या. त्यांनी पाठीतली दुखरी गाठ बोटानं चाचपली आणि केसासारखी बारीक सुई टोचली.

"औषध कंचं घातलं?" आसारामनं विचारलं.

"काहीच नाही. सुई कोरडीच असते, गाठ सैल करते. पुढच्या आठवड्यात परत आणा."

सुई त्यांनी टाकून दिली. एवढी चांगली सुई वाया गेली, म्हणून त्याला घरी येईपर्यंत हळहळ लागून राहिली.

हात हलका झाला, गोधडी पुढं सरकली. मग खांदा पुन्हा ठणकू लागला.

"औषधच न्हाई म्हनल्यावर नगरला कशाला हेलपाटा?" केशरबाई म्हणाली. "सुया काय आपल्या घरात कमी हायती? गाठ तर तुमी बघितलीच हाय."

त्यालाही पटलं. मायेनं माणूस आंधळा होतो, दुसरं काय! गोधडीत खोचलेली सुई त्यानं धोतराला पुसली आणि अगदी हलक्या हातानं टोचली.

"लई बरं वाटलं," ती म्हणाली.

पंधरवड्याच्या आत तिची दातखीळ बसली. धनुर्वात. "कुठं काही लागलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं. आसाराम "सुई" एवढंच म्हणाला. केशरबाई गेली. शेवटी तिला बोलता येत नव्हतं. ती आपल्यावर रागावली होती की नाही, हे त्याला कधीच कळलं नाही. तेच त्याला खात राहिलं.

यशोधराला मुलगी झाली. आईचं लुगडं लावून तिनं ती अपुरी राहिलेली गोधडी पुरी करायला घेतली.

"दादा, तेवढी सुई ओवून द्या," ती म्हणाली.

रस्त्यापलीकडच्या एसटीची पाटी आसाराम ओट्यावरून वाचायचा. त्यानं सुईकडं बघितलं, हात मागं घेतला.

"मला दिसत न्हाई गं," तो म्हणाला.

यशोधराला सगळं ठाऊक होतं. तिनं दोरा ओठांत ओला केला आणि स्वतःच ओवायला बसली.